चालणे, वेट ट्रेनिंग की एचआयआयटी? प्रौढांच्या लठ्ठपणावर कोणता व्यायाम काय करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो आणि दिवसभराचे बैठे काम. गेले चार महिने आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटे, सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरच्या गतीने चालणे सुरू आहे. खाण्यात काही बदल केलेला नाही आणि वजन जेमतेम दीड किलोने उतरले आहे. जिममधला ट्रेनर म्हणतो, चालण्यात वेळ घालवू नका, वजने उचला. मित्र वीस मिनिटांचे एचआयआयटी, म्हणजे जोरकस आणि हलके टप्पे आलटून पालटून करण्याचा व्यायाम, करायला सांगतो. घरातून योगासनांचा आग्रह आहे. उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. यांपैकी नेमका कोणता व्यायाम लठ्ठपणा कमी करतो?

वजन किती उतरणार, हे व्यायामाच्या प्रकारापेक्षा आठवड्यातल्या त्याच्या एकूण मात्रेवर आणि त्याहूनही अधिक खाण्यावर ठरते. प्रकाराचा संबंध येतो तो पुढच्या प्रश्नांशी: उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, चरबी त्वचेखालची गेली की पोटातल्या अवयवांभोवतीची, आणि उतरलेले वजन वर्षभरानंतर उतरलेलेच राहिले का. तुम्हाला सल्ला देणारे तिघेही यांपैकी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. वजनकाट्याला मात्र फक्त एकूण वजन कळते, आणि म्हणूनच केवळ त्याच्या भरवशावर व्यायामाचा प्रकार निवडला की बहुतेकांची निराशा होते.

चार महिन्यांत दीड किलो हे तुम्हाला अपयश वाटते. मला ते गणिताशी जुळणारे वाटते. शांत बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे एक मेट, आणि तो साधारणपणे शरीराच्या दर किलोमागे ताशी एक किलोकॅलरी असतो. ताशी पाच किलोमीटर चालणे हे सुमारे ३.५ मेटचे काम आहे. तुमच्या ९२ किलो वजनाला पाऊण तासात त्याचा खर्च सुमारे २४० किलोकॅलरी येतो; पण तोच पाऊण तास तुम्ही खुर्चीत बसला असता तरी ७० किलोकॅलरी खर्च झाल्याच असत्या, म्हणून खरा जादा खर्च १७० च्या आसपास राहतो. (ट्रेडमिलच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यात ही वजाबाकी बहुतेकदा केलेली नसते, आणि तो आकडा पाहून मनाशी बांधलेले जेवणाचे हिशेब तिथेच चुकतात.) पाच दिवसांचे झाले ८६०. त्यातही शरीर काटकसर करते. १,७५४ प्रौढांच्या ऊर्जाखर्चाच्या मोजमापांचे जे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात असे दिसले की हालचालीत खर्च होणाऱ्या जादा ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर विश्रांतीच्या काळातला खर्च कमी करून भरून काढते, आणि अंगावर चरबी अधिक असलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त असते. म्हणजे आठवड्याला हातात उरतात सुमारे ६२० किलोकॅलरी. सतरा आठवड्यांचे साडेदहा हजार होतात, आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. उत्तर दीड किलोच्या किंचित खाली येते, आणि तुमचा काटाही तेच दाखवतो आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे तुमच्या शरीरात काही बिघाड आहे असे मानण्याचे आज तरी कारण नाही. दुसरी म्हणजे या मात्रेने आणि या गतीने, खाणे न बदलता, मोठा फरक पडण्याची अपेक्षाच चुकीची होती. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये मांडलेली भूमिका अशी आहे की आठवड्याला १५० ते २५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाने वजन वाढणे थांबते आणि थोडेसे उतरते. लक्षणीय वजन उतरवण्यासाठी २५० मिनिटांच्या पुढे जावे लागते. तुमची आजची मात्रा २२५ मिनिटे आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायामाची आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामाची आहे. तीही तुम्ही अर्धीच पाळत आहात, कारण तिचा दुसरा भाग चालण्याने भरून निघत नाही.

‘व्यायामाने वजन उतरतच नाही’ असा उलटा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लठ्ठ पुरुषांच्या एका गटाने आहार तेवढाच ठेवून तीन महिने रोज ७०० किलोकॅलरी खर्च होतील एवढा व्यायाम केला आणि सरासरी साडेसात किलो वजन घटवले. केवळ आहार कमी करणाऱ्या गटाचेही तेवढेच उतरले. २०१३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्यातून पाच दिवस, देखरेखीखाली, प्रत्येक वेळी ४०० किंवा ६०० किलोकॅलरी खर्च करणाऱ्यांचे वजन दहा महिन्यांत अनुक्रमे सुमारे ३.९ आणि ५.२ किलोने उतरले. व्यक्तीव्यक्तीतला फरक मात्र या सरासरीत लपतो. तेवढाच व्यायाम करूनही काहींचा काटा जवळजवळ हलत नाही, आणि अशा माणसाला आळशी ठरवणे हा अन्याय आहे. हे आकडे स्वतःला लावून पाहा. तुमच्या आजच्या गतीने ४०० किलोकॅलरी जादा खर्च करायला पावणेदोन तास चालावे लागेल. गती ताशी सहा किलोमीटर केली, तर तासाचा जादा खर्च सुमारे २३० वरून ३२० च्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून वेळ वाढवण्याआधी गती वाढवा, असे मी सांगते.

आता वजनकाट्याला न दिसणारा भाग. त्याच २००० सालच्या प्रयोगात आणखी एक गट होता. त्यातल्या पुरुषांनी तेवढाच व्यायाम केला, पण वजन घटू नये म्हणून त्यांना खर्चाएवढे जादा खायला दिले. त्यांचे वजन बदलले नाही, आणि तरीही पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी घटली. यकृत, आतडी आणि स्वादुपिंडाच्या आसपास साठणारी ही चरबी रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) आणि रक्तदाब यांच्याशी त्वचेखालच्या चरबीपेक्षा जवळून निगडित असते. चालणे, धावणे, सायकल, पोहणे यांसारखा दम वाढवणारा, सलग चालणारा व्यायाम, ज्याला जिममध्ये कार्डिओ म्हणतात, या चरबीवर चांगला परिणाम करतो. यकृतातल्या चरबीवरही करतो. म्हणून तुम्ही चार महिन्यांत काय कमावले, हे मला वजनावरून सांगता येणार नाही. कमरेचा घेर आधी मोजला असता तर सांगता आले असते.

तो घेर आता मोजा, आणि नीट मोजा, कारण पट्टी दोन बोटे वरखाली झाली की दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. सरळ उभे राहून कुशीत हाताने चाचपा. शेवटची बरगडी जिथे संपते ती एक खूण आणि कमरेच्या हाडाची वरची कड ही दुसरी. या दोन खुणांच्या बरोबर मध्ये मापाची पट्टी जमिनीला समांतर ठेवा. बेंबी हा भरवशाचा बिंदू नाही, कारण पोट सुटलेल्या माणसात ती खाली सरकलेली असते. पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. पट्टी त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दोनदा मोजा आणि सकाळी काही खाण्यापूर्वी मोजा.

ट्रेनरच्या सल्ल्याकडे वळते, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि त्याचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. वजने उचलून स्नायू वाढवले की ते बसल्या बसल्या चरबी जाळत राहतात, असे जिममध्ये सर्रास ऐकायला मिळते. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी सुमारे साडेचार. वर्षभर मेहनत करून तुम्ही दोन किलो स्नायू कमावलेत, आणि ४४ व्या वर्षी ही चांगलीच कमाई आहे, तरी दिवसाला २६ किलोकॅलरींचा फरक पडेल. एवढ्यावर लठ्ठपणा हटत नाही.

ड्यूक विद्यापीठात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन गट शेजारी ठेवून हेच दिसले. जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ, बैठी जीवनशैली असलेल्या प्रौढांपैकी एका गटाने आठ महिने फक्त कार्डिओ केले, दुसऱ्याने फक्त वेट ट्रेनिंग आणि तिसऱ्याने दोन्ही. कार्डिओवाल्यांची चरबी सुमारे १.७ किलोने घटली. वेट ट्रेनिंगवाल्यांची चरबी जवळजवळ तेवढीच राहिली, पण चरबीविरहित वजन सुमारे १.१ किलोने वाढल्यामुळे त्यांचे एकूण वजन आठ महिन्यांनी आधीपेक्षा थोडे जास्तच भरले. दोन्ही करणाऱ्यांची चरबी सुमारे २.४ किलोने घटली आणि स्नायूही वाढले. मात्र तिसऱ्या गटाने पहिल्या दोघांचा संपूर्ण व्यायाम केला होता, म्हणजे वेळ जवळजवळ दुप्पट दिला होता, आणि चरबी घटण्याच्या बाबतीत तो कार्डिओ गटापेक्षा निर्णायकपणे पुढे गेला असे म्हणण्याजोगा फरक नव्हता. खाणे न बदलता केवळ चरबी कमी करायची असेल आणि वेळ मोजकाच असेल, तर ट्रेनरने सांगितल्याप्रमाणे चालणे सोडून वजने धरणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मग सल्ला अर्धा बरोबर कसा? तुम्ही खाणे कमी केले, म्हणजे वजन खरोखर उतरू लागले, की चित्र बदलते. उतरणारे वजन कधीच निव्वळ चरबीचे नसते. त्याबरोबर स्नायू आणि हाडांचे वस्तुमानही जाते, आणि व्यायामाचा प्रकार इथे स्पष्टपणे फरक पाडतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या १६० लठ्ठ व्यक्तींना सहा महिने आहारनियंत्रण आणि त्याबरोबर कार्डिओ, वेट ट्रेनिंग किंवा दोन्हींचे मिश्रण देण्यात आले. तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्क्यांनी उतरले. काट्यापुरते पाहिले तर प्रकाराने काहीच फरक पडला नाही. पण चरबीविरहित वजनाची घट कार्डिओ गटात ५ टक्के होती, वेट ट्रेनिंग गटात २ आणि मिश्र गटात ३. खुब्याच्या हाडाची घनता कार्डिओ गटात जवळपास ३ टक्क्यांनी घटली, वेट ट्रेनिंग गटात अर्ध्या आणि मिश्र गटात एका टक्क्याने. दैनंदिन हालचालींच्या क्षमतेची चाचणी मिश्र गटात २१ टक्क्यांनी सुधारली आणि बाकी दोन्ही गटांत १४. तुम्ही त्या वयोगटातले नाही, पण ही गळती ६५ व्या वर्षी अचानक सुरू होत नाही. वजन उतरवून पुन्हा वाढवण्याच्या प्रत्येक फेरीत स्नायू जातो आणि परत येताना बहुधा चरबी अधिक येते. असे तीन-चार फेरे केलेली माणसे माझ्याकडे येतात तेव्हा काट्यावर पूर्वीचाच आकडा असतो, पण खुर्चीतून उठताना त्यांना हाताचा आधार लागतो.

सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी औषधे घेणाऱ्यांना हे अधिकच लागू पडते. त्या औषधांनी भूक एवढी मंदावते की वजन थोड्या काळात पुष्कळ उतरते, आणि त्या घटीत चरबीविरहित वजनाचा वाटाही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. अशा रुग्णाला मी चालण्याच्या आधी स्नायूंचा व्यायाम लिहून देते.

त्यासाठी जिमची पावती फाडायलाच हवी असे नाही. भिंतीला टेकवलेली एक मजबूत खुर्ची, एक रेझिस्टन्स बँड (ताणायची रबरी पट्टी) आणि दोन डंबेल एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा, पावले खांद्याएवढी दूर ठेवा, हात छातीवर घ्या, श्वास सोडत उभे राहा आणि बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. फायद्याचा मोठा भाग या सावकाश खाली येण्यात असतो, आणि धपकन बसणारा नेमका तोच गमावतो. गुडघे आत झुकू न देता पावलांच्या रेषेत ठेवा. दुखऱ्या गुडघ्याला हे जड गेले, तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बसण्याची उंची वाढवा आणि पुढे काही आठवड्यांनी ती काढा. याच्या जोडीला भिंतीवर किंवा टेबलाच्या कडेवर हात टेकून दंड, बँड दाराच्या मुठीला अडकवून मागे ओढणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे आणि दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालणे. प्रत्येकाच्या सलग ८ ते १२ आवृत्त्या म्हणजे एक सेट; आधी एक सेट आणि सवय झाल्यावर दोन-तीन. शेवटच्या दोन आवृत्त्या कष्टाने व्हायला हव्यात. गप्पा मारत बारा होत असतील तर वजन कमी पडते आहे. जोर लावताना श्वास रोखू नका, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही.

एचआयआयटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्याची प्रसिद्धी त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. जोरकस आणि हलक्या टप्प्यांची अदलाबदल करणाऱ्या या व्यायामाची मध्यम गतीच्या सलग व्यायामाशी तुलना करणारे अभ्यास एकत्र करून पाहिले असता चरबी आणि कमरेचा घेर जवळजवळ सारखाच घटलेला दिसतो. बचत होते ती वेळेची. व्यायाम संपल्यानंतर तासन्‌तास चरबी जळत राहते, हा जो दावा केला जातो, त्यातला खर्च प्रत्यक्षात व्यायामाच्या स्वतःच्या खर्चाच्या सुमारे ६ ते १५ टक्के असतो. म्हणजे २०० किलोकॅलरींच्या सत्रानंतर फार तर ३०. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढवण्यात मात्र हा प्रकार खरोखर प्रभावी आहे, आणि ती क्षमता हा गौण मुद्दा नाही. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की कमी क्षमतेच्या व्यक्तींचा मृत्यूचा धोका चांगल्या क्षमतेच्या सामान्य वजनाच्या व्यक्तींच्या सुमारे दुप्पट असतो, मग त्यांचे स्वतःचे वजन सामान्य असो वा जास्त. तुमच्या गुडघ्यावर उड्या आणि बर्पी यांचा मारा नको. दोन-तीन महिन्यांनी स्थिर सायकलवर चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे हलके, अशा चार फेऱ्यांपर्यंत हळूहळू जाता येईल, आणि तेही हृदयाची तपासणी झाल्यावर.

संथ योगासने सुमारे अडीच मेटची आणि सूर्यनमस्कार तीन मेटच्या थोडे वर, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात ती तुमच्या चालण्याच्या खालीच राहतात. लवचिकता, तोल, पाठदुखी आणि ताण यांसाठी ती जरूर करा. ताणामुळे जास्त खाणाऱ्या माणसाला त्यांचा वजनासाठीही आडमार्गाने उपयोग होतो. पण चालण्याच्या जागी नकोत. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी उतरते, ही समजूत तर कधीच मोडीत निघायला हवी होती. १९७१ मध्ये टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरची चरबी मोजली गेली. खेळणाऱ्या हाताचा घेर दुसऱ्या हातापेक्षा स्नायूंमुळे मोठा होता, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्हींकडे सारखाच भरला. चरबी कुठून आधी उतरायची, हे हार्मोन्स, लिंग आणि आनुवंशिकता ठरवतात. क्रंचेसच्या संख्येचा त्यात वाटा नाही.

आनुवंशिकतेचा विषय निघाला आहे म्हणून एका अभ्यासाचा उल्लेख करते, कारण व्यायामाचे प्रकार थेट एकमेकांशेजारी ठेवणारे असे काम क्वचित होते. तैवानमधल्या ३० ते ७० वर्षांच्या १८,४२४ प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लठ्ठपणाचा आनुवंशिक कल आणि अठरा प्रकारचे व्यायाम यांचा संबंध तपासला गेला. नियमित जॉगिंग करणाऱ्यांत त्या कलाचा परिणाम सर्वांत सातत्याने सौम्य झालेला दिसला. डोंगर चढणे, चालणे, विशिष्ट प्रकारचे नृत्य आणि दीर्घ काळ केलेला योग यांतही बीएमआयपुरता, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन सांगणाऱ्या निर्देशांकापुरता, तो सौम्य दिसला. सायकल, पोहणे आणि स्ट्रेचिंग यांत मात्र तसे दिसले नाही. हे वाचून कोणी सायकल विकू नये. हा निरीक्षणावर आधारित अभ्यास आहे; कोणी कोणता व्यायाम करायचा हे संशोधकांनी ठरवून दिलेले नव्हते. सांधे दुखणारी, वजन जास्त असलेली माणसे मुळातच पोहणे किंवा सायकल निवडतात, आणि रमतगमत चालवलेली सायकल व जॉगिंग यांच्या तीव्रतेत पुष्कळ अंतर असते. गुडघा तक्रार करत असताना तुम्ही जॉगिंग सुरू करावे असे या अभ्यासावरून मी कधीच सांगणार नाही. चालण्याच्या पाचपैकी दोन दिवस सायकलला किंवा पोहण्याला दिलेत, तर दम तेवढाच लागेल आणि गुडघ्याला उसंत मिळेल. गुडघेदुखी असलेल्या जास्त वजनाच्या व्यक्तींच्या मोजमापांतून असेही दिसले आहे की शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

व्यायामाच्या यादीत न येणारा एक प्रकार तुमच्यासारख्या बैठ्या माणसाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो, तो म्हणजे दिवसभराची फुटकळ हालचाल. २००५ मध्ये दहा सडपातळ आणि दहा लठ्ठ, पण सगळ्याच बैठ्या प्रवृत्तीच्या व्यक्तींची बसण्या-उठण्याची बारीक नोंद ठेवली गेली, तेव्हा लठ्ठ व्यक्ती दिवसाला सरासरी दोन तासांहून अधिक वेळ जास्त बसलेल्या आढळल्या. त्यांनी सडपातळ व्यक्तींएवढी हालचाल केली असती तर दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त खर्च झाल्या असत्या. हा आकडा तुमच्या पाऊण तासाच्या चालण्यातून मिळणाऱ्या १७० च्या दुप्पट आहे. सकाळी चालून आलो या समाधानात उरलेला दिवस अधिकच बसून काढणे, ही मी नेहमी पाहते ती गोष्ट, आणि तिच्यापायी सकाळची कमाई दुपारपर्यंत संपलेली असते. फोनवर बोलताना उभे राहणे, तासाला एकदा जिन्याचे दोन मजले, जेवणानंतर दहा मिनिटे पाय मोकळे करणे, एवढ्याने सुरुवात करा.

वजन उतरवण्यात आहाराचा वाटा मोठा आहे, हे आतापर्यंतच्या आकड्यांवरून लक्षात आले असेलच. मात्र उतरलेले वजन राखण्यात व्यायाम पुढे येतो. कोपनहेगनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लठ्ठ व्यक्तींचे वजन आधी आठ आठवड्यांच्या अल्प-उष्मांक आहाराने सरासरी १३ किलोने उतरवले गेले आणि मग वर्षभर चार गटांत त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. प्लासिबो गटाच्या तुलनेत, म्हणजे औषधाऐवजी निष्क्रिय इंजेक्शन आणि नेहमीचीच हालचाल असलेल्या गटाच्या तुलनेत, व्यायाम करणाऱ्यांचे वजन वर्षअखेर ४.१ किलोने कमी राहिले, लिराग्लुटाइड हे वजन उतरवणारे औषध घेणाऱ्यांचे ६.८ किलोने आणि दोन्ही करणाऱ्यांचे ९.५ किलोने. अमेरिकेतल्या ज्या नोंदवहीत किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या व्यक्तींची माहिती १९९४ पासून ठेवली जाते, तिच्यातले बहुसंख्य लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यांचा सर्वांत आवडता प्रकार चालणे हाच आहे. तेव्हा ट्रेनरने हिणवलेले चालणे पुढे तुम्हाला खूप काळ लागणार आहे.

तुमच्यासाठी माझा आराखडा असा राहील. पहिले चार आठवडे चालण्याची मिनिटे वाढवू नका; तीन दिवस गती ताशी सहा किलोमीटरच्या दिशेने न्या, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही एवढा दम लागायला हवा, आणि दोन दिवस सायकल किंवा पोहणे घ्या. त्याच वेळी मध्ये किमान एक दिवस सोडून आठवड्यातून दोनदा वर सांगितलेला स्नायूंचा व्यायाम सुरू करा. पंचवीस मिनिटे पुरतात. पाचव्या आठवड्यापासून कार्डिओची एकूण मिनिटे हळूहळू २५० ते ३०० वर न्या. खाण्यातून दिवसाला ४००-५०० किलोकॅलरी कमी करा आणि प्रत्येक जेवणात प्रथिने असतील असे पाहा, नाही तर वेट ट्रेनिंगला बांधकामाचा माल मिळणार नाही. गुडघ्यासाठी एक नियम पाळा: शून्य ते दहाच्या मापात व्यायाम करताना दुखणे तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढले नाही, तर व्यायाम चालू ठेवण्यास हरकत नाही; त्यापुढे गेले तर मात्रा कमी करा, व्यायाम पूर्ण बंद करू नका. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक लचकला, तर मात्र आधी दाखवा.

गती वाढवण्यापूर्वी रक्तदाब, साखर, लिपिड आणि ईसीजी करून घ्या. चढ चढताना छातीत दाब येणे, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे किंवा चक्कर येणे यांपैकी काही होत असेल, तर तपासणीआधी गती वाढवू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील, तर व्यायाम आणि आहार दोन्ही बदलताना साखर खाली घसरू शकते. त्यांची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या आणि चालायला जाताना ग्लुकोज खिशात ठेवा.

बारा आठवड्यांनी तीन गोष्टी पुन्हा मोजा: वजन, कमरेचा घेर आणि हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते ती संख्या. घेर उतरला आणि उठण्याची संख्या वाढली, पण वजन जागेवरच राहिले, तर व्यायामाला हात लावू नका, आठवडाभर खाल्लेले सगळे लिहून काढा. कमतरता बहुतेकदा तिथेच सापडते. वजन झपाट्याने उतरले, पण उठण्याची संख्या घटली, तर स्नायू जात आहेत. आहारातली कपात सौम्य करा आणि स्नायूंच्या व्यायामाचा तिसरा दिवस वाढवा. आराखडा प्रामाणिकपणे पाळूनही घेर आणि वजन दोन्ही हलले नाहीत, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, रात्री घोरणे आणि दिवसा झोप येणे असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करा, आणि चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टेरॉइड, इन्सुलिन तसेच नैराश्यावरची आणि मानसिक आजारांवरची काही औषधे वजन वाढवतात आणि त्यांतल्या काहींना पर्याय असतो.